साइटवरच्या मराठीचा कचरा झालाय? सर्व्हरपासून डेटाबेसपर्यंत दुरुस्ती कशी करायची

जुनं होस्टिंग सोडून साइट नव्या सर्व्हरवर नेली, पान उघडलं, आणि मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चलनाच्या चिन्हांचा सडा पडलेला. ग्रंथालयाची पुस्तकसूची असो, सोसायटीची साइट असो की दिवाळी अंकांचा जुना संग्रह, देवनागरी मजकूर सांभाळणाऱ्याला हा प्रसंग कधी ना कधी येतोच. अशा वेळी हात शिवशिवतात आणि दिसेल त्या सेटिंगमध्ये माणूस यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची एक पद्धत) लिहीत सुटतो. कधी जमून जातं. पण बरेचदा आधीच्या बिघाडावर दुसरा बिघाड चढतो आणि मग तो सोडवणं पहिल्यापेक्षा अवघड होऊन बसतं.

सगळा शोध एका प्रश्नाभोवती फिरतो: मजकूर नीट साठवलेला आहे आणि फक्त चुकीचा वाचला जातोय, की साठवतानाच मोडलाय? याचं उत्तर मिळेपर्यंत दुरुस्तीला हात लावू नये. (कमांड आणि सेटिंगची नावं खाली उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत करायची.)

आधी बॅकअप, आणि 'अपडेट'चं बटण बंद

डेटाबेसचा आणि फायलींचा बॅकअप घ्या. जुना सर्व्हर अजून चालू असेल तर तो बंद करायची घाई करू नका, कारण शाबूत मजकूर कदाचित तिथेच आहे. साइटवर लिहिणाऱ्या सगळ्यांना निरोप द्या की कुणीही जुना लेख संपादनासाठी उघडून पुन्हा सेव्ह करायचा नाही. खिडकीत कचरा दिसत असताना अपडेट दाबलं की तो कचराच खरा मजकूर म्हणून साठवला जातो. निम्मं नुकसान इथे होतं, तेही मदत करायला आलेल्या माणसाच्या हातून.

काय दिसतंय ते नीट बघा

'अक्षरं बिघडलीत' एवढ्यावर निदान होत नाही. बिघाडाच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात आणि प्रत्येकीचं कारण वेगळं.

डोक्यावर छोटी तिरपी रेघ असलेला लहान रोमन 'ए', त्याला लागून चार कोपऱ्यांना पाय फुटलेलं गोल चिन्ह, मग एखादं भलतंच अक्षर, आणि पुन्हा तोच 'ए': हा नमुना ओळीभर दिसत असेल तर हायसं वाटू द्या. बाइट (साठवलेले आकडे) बहुतेक जागेवर आहेत, वाचणाऱ्याने चुकीचा तक्ता (कोणता बाइट म्हणजे कोणतं अक्षर याची यादी) हातात घेतलाय. त्याच जागी डोक्यावर नागमोडी रेघ असलेला मोठा 'ए' आणि टोपी घातलेला मोठा 'ए' दिसत असतील, तर चुकीचे दोन थर चढलेत. ते सोडवता येतात, पण एकेक करून.

साधी प्रश्नचिन्हं, जेवढी अक्षरं तेवढी, ही सगळ्यात वाईट बातमी. मजकूर कुठेतरी देवनागरी न मावणाऱ्या अक्षरसंचात बदलला गेला आणि प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवलं गेलं. ते जर डेटाबेसमध्येच साठवलेलं असेल तर त्यातून मूळ मजकूर काढायची कुठलीही युक्ती नाही, बॅकअपच शोधावा लागतो. काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह मात्र वेगळं. तिथे ब्राउझर यूटीएफ-८ म्हणूनच वाचतोय, पण मिळालेले बाइट त्याला जुळवता येत नाहीत.

रिकामे चौकोनी डबे दिसले तर सर्व्हरला दोष देऊ नका, त्या यंत्रावर देवनागरी फाँट नाही एवढंच.

आणि एक खास आपल्याकडचा प्रकार. पानावर ई, जे, के, मोठा बी, एच अशी साधी रोमन अक्षरं दिसतायत आणि टाइप करणारा माणूस शपथेवर सांगतोय की त्याने 'मराठी' लिहिलं होतं. त्याचं खरं आहे. कृतिदेव फाँटमध्ये 'मराठी' या शब्दामागे हीच पाच अक्षरं असतात. श्रीलिपी, शिवाजी, डीव्हीबी-टीटी सुरेख अशा फाँटांत बनवलेला जुना मजकूर असाच असतो: साठवलेली अक्षरं वेगळी आणि फाँट त्यांच्यावर देवनागरी आकार रंगवतो. सर्व्हरची कुठलीही सेटिंग यावर चालत नाही. तो मजकूर त्या-त्या फाँटच्या कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) आणावा लागतो आणि नंतर ऱ्हस्व-दीर्घ, रफार, जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात. आधी हे वेगळं काढा, नाहीतर दोन दिवस अपाची या वेब सर्व्हरची कॉन्फिग फाइल उकरण्यात जातील.

'मराठी' हा शब्द बाइटमध्ये

थोडी कंटाळवाणी वाटली तरी ही जागा ओलांडू नका, पुढचं सगळं यावर उभं आहे.

युनिकोडमध्ये देवनागरीचा मुख्य विभाग ०९०० ते ०९७एफ असा आहे. (हे आकडे हेक्स, म्हणजे सोळाच्या पायाचे. त्यात ए ते एफ ही रोमन अक्षरंही आकडेच असतात.) यूटीएफ-८ मध्ये यातलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं होतं आणि पहिला बाइट नेहमी ई० असतो, दुसरा ए४ किंवा ए५. 'मराठी' मध्ये म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हं आहेत, म्हणजे पंधरा बाइट. म म्हणजे ई० ए४ एई, र म्हणजे ई० ए४ बी०, काना ई० ए४ बीई, ठ ई० ए४ ए०, आणि वेलांटी ई० ए५ ८०.

हे पंधरा बाइट विंडोज-१२५२ या जुन्या पश्चिम युरोपीय तक्त्याने वाचले, तर तिथे एक बाइट म्हणजे एक अक्षर. ई० म्हणजे तो तिरप्या रेघेचा 'ए', ए४ म्हणजे पाय फुटलेलं गोल, ए५ म्हणजे येनचं चिन्ह, ८० म्हणजे युरोचं. दर तीन अक्षरांनी तोच 'ए' का दिसतो, हे आता कळलं असेल. पान स्वतःला आयएसओ-८८५९-१ म्हणवत असलं तरी ब्राउझर प्रत्यक्षात विंडोज-१२५२ चाच तक्ता वापरतात, एचटीएमएलच्या प्रमाणकात तसंच ठरलेलं आहे.

आता 'ठ'कडे बघा. त्याचा शेवटचा बाइट ए०, आणि विंडोज-१२५२ मध्ये ए० म्हणजे न तुटणारी मोकळी जागा. कचरा झालेला मजकूर कुणी पानावरून कॉपी करून दुसरीकडे चिकटवला आणि वाटेत त्या जागेची साधी स्पेस झाली, की ठ गेला. बाकीचा शब्द परत येतो, ठ येत नाही. याच तक्त्यात ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच जागा रिकाम्या आहेत. देवनागरीत त्या कुणाच्या वाट्याला येतात? ऱ्हस्व उकार, पाय मोडण्याचं चिन्ह, ए, ऐ आणि झ. चंद्रबिंदूही त्यात सापडतो. त्यामुळे कडक नियमाने चालणाऱ्या साधनातून, उदाहरणार्थ पायथनच्या सीपी१२५२ मधून, कचरा उलटा फिरवायला गेलं की नेमकी जोडाक्षरं अडतात. मायएसक्यूएल या डेटाबेसचा लॅटिन१ हा अक्षरसंचही खरं तर विंडोज-१२५२ च आहे, पण त्याने या पाच रिकाम्या जागा भरून घेतल्यामुळे तिथे मजकूर सुखरूप परत फिरतो. म्हणून दुरुस्ती शक्यतो डेटाबेसमध्येच करावी, पानावरचा मजकूर उचलून करू नये.

चाचणीसाठी मी 'नमस्कार' वापरत नाही. ही ओळ वापरा: 'ऐका, एक झुळझुळ पाण्याकाठी', आणि शेवटी एक इमोजी. पाचही रिकाम्या जागा, ठ आणि चार बाइटचं चिन्ह असं सगळं एका ओळीत तपासून होतं.

सर्व्हर काय सांगतोय?

एक साधी एचटीएमएल फाइल बनवा, त्यात वरची ओळ लिहा, यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करून सर्व्हरवर चढवा आणि ब्राउझरमध्ये उघडा. पीएचपी (पानं तयार करणारी प्रोग्रॅमिंगची भाषा) नको, डेटाबेस नको. ही फाइल नीट दिसली आणि बाकीची साइट बिघडलेली असेल तर वेब सर्व्हर बहुतेक निर्दोष आहे, सरळ डेटाबेसच्या भागाकडे जा. हीच फाइल बिघडलेली दिसली तर इथेच थांबा.

टर्मिनलमध्ये 'कर्ल' ही कमांड मोठ्या 'आय'च्या पर्यायासह त्या पानाच्या पत्त्यावर चालवा. पानाऐवजी फक्त हेडर, म्हणजे पानाबद्दल सर्व्हर आधी पाठवतो ती माहिती, येतील. त्यात कॉन्टेन्ट-टाइपची ओळ शोधा. 'टेक्स्ट/एचटीएमएल' च्या पुढे चारसेट (अक्षरसंच) बरोबर यूटीएफ-८ असं हवं. टर्मिनल नसेल तर ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कची टॅब उघडून पान रिफ्रेश करा आणि पहिल्या ओळीवर क्लिक करा, तीच माहिती मिळते.

इथे तीनपैकी एक गोष्ट दिसेल. चारसेट यूटीएफ-८ असेल तर उत्तम. चारसेट दुसराच असेल तर चोर सापडला. चारसेटचा उल्लेखच नसेल तर ब्राउझर पानातला मेटा टॅग (पानाच्या सुरुवातीला लिहिलेली अक्षरसंचाची सूचना) बघतो, आणि तोही नसेल तर अंदाज बांधतो. एका ब्राउझरमध्ये मराठी स्वच्छ आणि दुसऱ्यात कचरा, अशी तक्रार आली की आधी हेच तपासा.

मान कुणाला जास्त, हे लक्षात ठेवा. फाइलच्या अगदी सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंग कोणतं ते सांगणारी न दिसणारी खूण) असेल तर तो सगळ्यांवर भारी, त्याखाली सर्व्हरचा हेडर, त्याखाली मेटा टॅग. पानात मेटा टॅगमध्ये यूटीएफ-८ लिहिलेलं असूनही काही फरक पडत नाही, याचं कारण हेच: सर्व्हरचा हेडर त्याच्या डोक्यावर बसलाय. शिवाय मेटा टॅग पानाच्या पहिल्या १०२४ बाइटांत हवा. वरती लांबलचक कॉमेंट आणि स्क्रिप्ट टाकून तो खाली ढकलू नका.

अपाचीमध्ये ज्या निर्देशाला हात लावायचा तो ॲड-डिफॉल्ट-चारसेट, सलग एक शब्द. त्याच्यापुढे यूटीएफ-८ लिहा. शेअर्ड होस्टिंगवर मुख्य कॉन्फिग हाती नसते, तेव्हा साइटच्या फोल्डरमधल्या डॉट-एचटीॲक्सेस फाइलमध्ये ही ओळ टाकता येते. मात्र तो फक्त साध्या मजकुराला आणि एचटीएमएलला लागू होतो. सीएसएस, जावास्क्रिप्ट आणि सीएसव्ही फायलींसाठी ॲड-चारसेट हा वेगळा निर्देश आहे, त्यात फायलींची एक्स्टेन्शनं द्यायची. एन्जिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरवर सर्व्हर ब्लॉकमध्ये 'चारसेट यूटीएफ-८' आणि अर्धविराम. तिथेही हा नियम ठरावीक प्रकारांनाच लागतो. सीएसएस आणि सीएसव्ही त्या मूळ यादीत नाहीत, ते चारसेट-टाइप्समध्ये आपण वाढवायचे. बदलानंतर एन्जिनएक्स लहान 'टी'च्या पर्यायासह चालवून कॉन्फिग तपासा, मगच रीलोड करा.

पीएचपी स्वतःचा हेडर पाठवतं. २०१४ मध्ये आलेल्या ५.६ आवृत्तीपासून त्याचं डिफॉल्ट-चारसेट यूटीएफ-८ आहे, त्याआधी ते रिकामं असायचं. म्हणून जुनी साइट नव्या पीएचपीवर गेली की कुणीही काहीही न बदलता हेडर बदलतो. साइटच्या एखाद्या कोपऱ्यात जुन्या फाँटातली पानं जपून ठेवली असतील तर त्यांच्यावर यूटीएफ-८ ची सक्ती केल्याने काही अक्षरांच्या जागी काळ्या चौकटी येतील. त्या फोल्डरसाठी वेगळा नियम लिहा.

फाइल स्वतः कशी आहे?

हेडर ठीक आणि तरी साधी फाइल बिघडलेली, तर फाइल दुसऱ्याच एन्कोडिंगमध्ये सेव्ह झालीय. लिनक्सवर 'फाइल' ही कमांड लहान 'आय'च्या पर्यायासह चालवली की ती अंदाज सांगते. पण अंदाज तो अंदाजच. 'एक्सएक्सडी' चालवून बाइट बघणं जास्त भरवशाचं: ई० ए४ आणि ई० ए५ च्या जोड्या दिसल्या की यूटीएफ-८ देवनागरी. पहिलेच तीन बाइट ईएफ बीबी बीएफ असतील तर तो बीओएम. एचटीएमएलमध्ये तो खपून जातो. पीएचपी फाइलमध्ये मात्र तो उघडणाऱ्या टॅगच्या आधी बाहेर पडतो आणि 'हेडर आधीच पाठवले गेले' अशा अर्थाचा इशारा येतो, लॉगिन आणि कुकी चालेनाशा होतात. एडिटरमध्ये 'यूटीएफ-८, बीओएमशिवाय' असं निवडून पुन्हा सेव्ह करा.

डेटाबेस: खरी गुंतागुंत इथे

सर्व्हर बदलल्यावर मराठी बिघडण्याची गोष्ट बहुतेक वेळा अशी असते. मायएसक्यूएलचा मूळ अक्षरसंच वर्षानुवर्षं लॅटिन१ होता, २०१८ मधल्या ८.० आवृत्तीत तो यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) झाला. जुन्या साइटवर टेबल लॅटिन१ चं आणि पीएचपी-डेटाबेसमधली जोडणीही लॅटिन१ ची. पीएचपीने यूटीएफ-८ चे बाइट दिले, डेटाबेसने ते पश्चिम युरोपीय अक्षरं समजून तसेच ठेवले, मागितल्यावर तसेच परत दिले. दोन्ही बाजूंनी सारखीच चूक, त्यामुळे पान दहा वर्षं स्वच्छ दिसत राहिलं. नव्या सर्व्हरवर जोडणी यूटीएफ८एमबी४ झाली, डेटाबेसने प्रामाणिकपणे लॅटिन१ चं रूपांतर करून दिलं आणि कचरा बाहेर आला. नव्या सर्व्हरने काही बिघडवलेलं नाही, त्याने जुनी लबाडी उघडी पाडली.

तुमच्या टेबलची अवस्था कोणती, हे तीन आकड्यांत कळतं. ज्या ओळीत 'मराठी' एवढाच शब्द आहे अशी ओळ निवडा (नसेल तर एखादं जुनं वर्गाचं नाव चालेल, पण खालचे आकडे 'मराठी'चे आहेत, दुसऱ्या शब्दाला ते बदलतील) आणि तिच्यावर कॅर-लेंग्थ, लेंग्थ आणि हेक्स ही तीन फंक्शनं चालवा. पहिलं अक्षरं मोजतं, दुसरं बाइट, तिसरं प्रत्यक्ष बाइट दाखवतं.

५ आणि १५ आले, हेक्सची सुरुवात ई०ए४एई: टेबल निरोगी, दोष जोडणीत. १५ आणि १५, हेक्स तेच: यूटीएफ-८ चे बाइट लॅटिन१ च्या रकान्यात, वर सांगितलेली गोष्ट. १५ आणि ३१, हेक्सची सुरुवात सी३ए०सी२ए४: रूपांतर दोनदा झालंय. ५ आणि ५, हेक्समध्ये नुसते ३एफ: प्रश्नचिन्हं साठवली गेलीत, जुन्या बॅकअपकडे वळा.

पहिल्या अवस्थेत पीएचपीच्या जोडणीत अक्षरसंच सांगा: मायएसक्यूएलआय वापरत असाल तर सेट-चारसेट, पीडीओ असेल तर जोडणीच्या ओळीतच चारसेट. इतर भाषांतही अशीच सोय असते.

दुसऱ्या अवस्थेत एक सापळा आहे. 'ऑल्टर टेबल, कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट' ही कमांड सगळ्या ट्यूटोरियलांत दिसते आणि इथे तीच घातक ठरते, कारण ती अक्षरांचं रूपांतर करते आणि १५-१५ चं १५-३१ करून ठेवते. आपल्याला बाइट न हलवता फक्त पाटी बदलायची आहे. त्यासाठी रकाना आधी बायनरी प्रकारात न्यायचा आणि तिथून यूटीएफ८एमबी४ मध्ये: टेक्स्ट असेल तर ब्लॉब, लाँगटेक्स्ट असेल तर लाँगब्लॉब, व्हारकॅर असेल तर व्हारबायनरी, आणि मग मूळ प्रकारात परत. बायनरीला अक्षरसंचच नसतो, म्हणून डेटाबेस काही रूपांतर करायला जात नाही. रकान्यावर फुलटेक्स्ट इंडेक्स असेल तर आधी काढा, नंतर पुन्हा लावा. 'रिकामा चालत नाही' किंवा मूळ मूल्य अशा रकान्याच्या अटी दोन्ही वेळा पुन्हा लिहाव्या लागतात, त्या विसरल्या तर गुपचूप गळतात.

जुना सर्व्हर हाताशी असेल तर मला डंपचा, म्हणजे सगळा डेटाबेस एका मजकूर-फाइलमध्ये उतरवण्याचा, मार्ग जास्त सोपा वाटतो. मायएसक्यूएलडंप चालवताना डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट लॅटिन१ द्या आणि स्किप-सेट-चारसेट हा पर्याय जोडा. लॅटिन१ ऐकून विचित्र वाटेल, पण त्यामुळे रूपांतर टळतं आणि फाइलमध्ये खरे यूटीएफ-८ चे बाइट उतरतात. फाइल एडिटरमध्ये उघडली की मराठी स्वच्छ वाचता आली पाहिजे. आली नाही तर पुढे जाऊ नका. मग टेबलांच्या व्याख्येतला लॅटिन१ बदलून यूटीएफ८एमबी४ करा, लॅटिन१ चं कोलेशन (अक्षरांचा क्रम लावायचा नियम) लिहिलेलं असेल तर तेही, आणि आयात करताना अक्षरसंच यूटीएफ८एमबी४ द्या.

तिसऱ्या अवस्थेसाठी तीन पदरी सूत्र आहे: रकाना लॅटिन१ मध्ये कन्व्हर्ट, त्याचा बायनरीत कास्ट, आणि तो पुन्हा यूटीएफ८एमबी४ मध्ये कन्व्हर्ट. आधी हे नुसत्या सिलेक्टमध्ये चालवून वीस-पंचवीस ओळी वाचा, पटलं तरच अपडेट. आणि सरसकट सगळ्या टेबलवर चालवू नका. साइट हलवल्यानंतर लिहिलेले लेख निरोगी असतात, त्यांच्यावर हेच सूत्र चाललं तर देवनागरी लॅटिन१ मध्ये मावत नाही आणि सगळ्याची प्रश्नचिन्हं होतात. हेक्समध्ये सी३ए०सी२ए४ किंवा सी३ए०सी२ए५ सापडेल अशाच ओळी अटीत घ्या.

'यूटीएफ८' आणि 'यूटीएफ८एमबी४' यातला फरकही इथेच सांगतो. मायएसक्यूएलमधलं जुनं यूटीएफ८ तीन बाइटपर्यंतच जातं. नेहमीचं मराठी त्यात मावतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. बहुतेक इमोजी चार बाइटचे. मोडी लिपीसुद्धा: ती २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये आली, ११६०० पासूनच्या जागेवर, म्हणून तिचं प्रत्येक अक्षर चार बाइटचं. मोडी कागदपत्रांची सूची ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये. सेटिंग कडक असेल तर डेटाबेस १३६६ क्रमांकाची चूक देतो, सैल असेल तर इमोजीपासून पुढचा सगळा मजकूर गुपचूप कापला जातो. प्रतिक्रिया अर्ध्यावर तुटलेल्या दिसतात त्या यामुळे.

उरलेसुरले

लेखाच्या उताऱ्याच्या शेवटीच काळी चौकट येत असेल तर डेटाबेस सोडा, कोडमध्ये सबस्ट्र शोधा. ते बाइट मोजून कापतं आणि तीन बाइटच्या अक्षराचे दोन तुकडे होतात. एमबी-सबस्ट्र वापरा. त्यानेही मात्रा अक्षरापासून तुटू शकते, म्हणून शक्य तिथे शब्दाच्या शेवटी कापा. असा तुटका मजकूर जेसनमध्ये (ॲपला डेटा पाठवायचा साचा) घालायला गेलं की पीएचपीचं जेसन-एन्कोड काही न बोलता 'फॉल्स' परत करतं आणि ॲपमध्ये पान कोरं येतं.

पत्त्याच्या पट्टीतून कॉपी केलेल्या लिंकमध्ये टक्केचिन्ह आणि ई०, ए४ दिसले तर तो बिघाड नाही, लिंक अशाच लिहिल्या जातात.

सीएसव्ही डाउनलोड करून एक्सेलमध्ये उघडली आणि कचरा दिसला, तर बहुधा साइट ठीक आहे. बीओएम नसलेली सीएसव्ही डबल-क्लिक करून उघडली की एक्सेल तिला यूटीएफ-८ मानत नाही. इथे मात्र फाइलच्या सुरुवातीला बीओएम मुद्दाम घाला. कार्यालयातल्या माणसाला 'आयात करताना एन्कोडिंग निवडा' हे दर महिन्याला समजावण्यापेक्षा ते सोपं पडतं.

सगळं झाल्यावर साइटचा आणि सीडीएनचा (पानांच्या प्रती ठेवणारे बाहेरचे सर्व्हर) कॅशे, म्हणजे साठवलेल्या जुन्या प्रती, रिकामा करा. चाचणीची ओळ ॲडमिनमधून नवीन लेख म्हणून टाका, तोच लेख उघडून एकदा पुन्हा सेव्ह करा, शोधखिडकीत 'झुळझुळ' शोधा, आणि त्या ओळीचं हेक्स पुन्हा एकदा बघा. दुसऱ्यांदा सेव्ह केल्यावरही सुरुवात ई०ए४९० अशीच असेल, तर लिहिणाऱ्यांना काम पुन्हा सुरू करायला सांगायला हरकत नाही. जुन्या होस्टिंगचे पैसे तेवढे आणखी एक महिना भरा.